आठशेचा धावपटू आणि पंधराशेचा धावपटू : तुलना कशी करावी?

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा, देणगीदारांचे ऋण आणि पुढील संकल्प यांविषयी जाणती मंडळी लिहितीलच. माझ्यासारख्या शाळेतल्या शिक्षकाने त्यात भर ती काय घालावी? म्हणून ज्याच्याशी माझा मैदानावर रोजचा संबंध येतो, असा एक लहानसा विषय वाचकांपुढे ठेवतो.

विद्यार्थ्यांना खेळासाठी साहाय्य देताना आपल्यासारख्या संस्थांपुढे वारंवार एक पेच उभा राहतो. दोन अर्ज समोर असतात. एक मुलगा आठशे मीटर धावतो, दुसरा पंधराशे. दोघेही चांगल्या क्रमांकाने आलेले, दोघांच्याही घरची परिस्थिती बेताची, आणि रक्कम मात्र एकालाच पुरेल इतकी. मग बैठकीत कोणीतरी विचारतो, "सर, या दोघांत सरस कोण?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले तर एका मुलाचे बूट, दूधअंडी आणि राज्यस्पर्धेचा प्रवासखर्च जातो, आणि आमच्या बेळगावकडचा अनुभव असा की, आधार तुटलेला मुलगा दहावीनंतर मैदानावर सहसा दिसत नाही. म्हणून ही तुलना कशी करावी आणि कशी करू नये, याचा थोडा शास्त्रोक्त विचार करणे अगत्याचे आहे.

गाठची पुंजी आणि रोजची मिळकत

आठशे मीटर म्हणजे चारशे मीटरच्या धावमार्गाच्या दोन फेऱ्या. पंधराशे म्हणजे पावणेचार फेऱ्या. तीन हजार मीटरची स्टीपलचेस ही मध्यम पल्ल्याच्या शेवटच्या उंबरठ्यावरची शर्यत. तीत २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्यास या सर्व शर्यती सारख्याच दिसतात. परंतु शरीराच्या आत चालणारा व्यवहार निरनिराळा असतो.

हा व्यवहार आपण घरखर्चाच्या भाषेत समजून घेऊ. स्नायूंना शक्ती दोन मार्गांनी मिळते. श्वासावाटे आलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने जी तयार होते, ती रोजची मिळकत. प्राणवायू अपुरा पडला की शरीर त्याच्यावाचून घाईघाईने जी शक्ती उपसते, ती उचल. उचल तात्काळ मिळते, पण तिचा भार लगेच जाणवू लागतो. पाय जड होतात, छाती भरून येते, आणि शर्यतीनंतर बराच वेळ धापा टाकून ती फेडावी लागते. चारशे मीटरच्या शर्यतीत निम्म्याहून अधिक खर्च उचलीवर चालतो. आठशेमध्ये सुमारे दोनतृतीयांश मिळकत आणि एकतृतीयांश उचल, असे साधारण प्रमाण पडते. पंधराशेमध्ये चारपंचमांशांहून अधिक भाग मिळकतीचाच असतो.

यावरून ध्यानात येईल की, आठशेच्या धावपटूजवळ मोठी उचल घेण्याची आणि ती सोसण्याची ताकद लागते, तर पंधराशेच्या धावपटूची मिळकतच भक्कम असावी लागते. तरीही पंधराशेच्या अखेरच्या दोनशे मीटरमध्ये ज्याच्याजवळ उचल शिल्लक असते तोच पुढे जातो, आणि मिळकत कमी असलेला आठशेचा धावपटू दुसऱ्या फेरीत कोलमडतो. दोन्ही गुण दोघांनाही लागतात, प्रमाण वेगळे.

एकाच मोजपट्टीने मोजले तर

नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन हा अलीकडच्या काळातील पंधराशेचा थोर धावपटू. वयाच्या सतराव्या वर्षी, २०१८ साली, त्याने युरोपीय स्पर्धेत पंधराशे आणि पाच हजार मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पंधराशेचे सुवर्णपदक त्याचे, आणि २०२४ साली मोनाकोला त्याने हे अंतर ३ मिनिटे २६.७३ सेकंदांत कापले. पण त्याची आठशे मीटरची, २०२० सालची, वेळ १ मिनिट ४६.४४ सेकंद आहे. आता आपल्या श्रीराम सिंगांची वेळ पाहा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत त्यांनी पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहून काढली आणि १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवा क्रमांक मिळवला. प्रशिक्षक इलियास बाबर यांच्या या शिष्याचा तो राष्ट्रीय विक्रम ४२ वर्षे अबाधित होता. म्हणजे आठशेच्या मोजपट्टीने पाहिले तर श्रीराम सिंग याकोबपेक्षा सरस ठरतात. यावरून याकोब दुय्यम धावपटू आहे असे कोणी म्हणेल काय? तो आठशेचा नाहीच, एवढाच याचा अर्थ.

त्याच माँट्रियलच्या शर्यतीत पहिला आला क्यूबाचा अल्बेर्तो ह्वान्तोरेना. त्याने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि त्याच ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरही जिंकले. उंचापुरा, लांब ढांगा टाकणारा हा गडी चारशेच्या बाजूने आठशेत आला होता. याकोब पाच हजारांच्या बाजूने पंधराशेत येतो. मध्यम पल्ल्याच्या गावात शिरण्याच्या या दोन वेगळ्या वाटा आहेत. केनियाचा इमॅन्युएल वान्योन्यी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, अवघ्या विसाव्या वर्षी आठशेचा विजेता झाला. वेळ १ मिनिट ४१.१९ सेकंद. याकोब आणि वान्योन्यी हे दोघेही तरुण वयात शिखर गाठलेले. त्यांना एका रांगेत उभे करून क्रमांक लावणे म्हणजे उत्तम तबलजी आणि उत्तम गवई यांना एकाच परीक्षेला बसवण्यासारखे होईल.

दोन इंग्रज मुलांची कथा

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र इंग्लंडमधील आहे. स्टीव्ह ओव्हेट हा ब्रायटनचा, जन्म १९५५ चा. सेबॅस्टियन को हा शेफील्डला वाढलेला, जन्म १९५६ चा. को अंगाने सडपातळ. त्याचे वडील पीटर को हे अभियंते, आणि तेच त्याचे प्रशिक्षक. ओव्हेट बांध्याने दणकट. हॅरी विल्सन हे त्याचे प्रशिक्षक.

१९७२ साली इंग्लंडच्या शालेय क्रॉसकंट्री स्पर्धेत हे दोघे प्रथम एकत्र धावले. ओव्हेट दुसरा आला, को दहावा. पहिला आला तो तिसराच एक मुलगा. त्या दिवशी एखाद्या ट्रस्टने एकच शिष्यवृत्ती दिली असती, तर ती या दोघांपैकी कोणासही मिळाली नसती!

पुढे ओव्हेट १९७३ साली युरोपीय कुमार स्पर्धेत आठशे मीटरचा विजेता झाला; त्याआधी तो चारशे मीटरही चांगले धावत असे. को याने १९७५ सालच्या कुमार स्पर्धेत पंधराशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. म्हणजे कुमारवयात जर कोणी चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या, तर ओव्हेटवर "आठशे" आणि कोवर "पंधराशे" असेच लिहिले असते.

चार-पाच वर्षांत चित्र पार उलटले. को याने १९७९ साली ४१ दिवसांत तीन जागतिक विक्रम केले, आणि त्यांतला आठशेचा १ मिनिट ४२.३३ सेकंदांचा विक्रम पाहून जग थक्क झाले. तिकडे ओव्हेट १९७७ पासून पंधराशे आणि मैल या शर्यतींत हरलाच नव्हता. जुलै १९८० मध्ये त्याने मैलाचा विक्रम कोकडून घेतला आणि पंधराशेच्या विक्रमाशी बरोबरी केली. मॉस्को ऑलिंपिक आले तेव्हा सर्वांचा हिशेब ठरलेला होता : आठशे कोचे, पंधराशे ओव्हेटचे.

२६ जुलै १९८० रोजी आठशेची अंतिम शर्यत झाली. पहिली फेरी संथ गेली. को मागे, बाहेरच्या बाजूने धावत राहिला आणि गर्दीत योग्य क्षण त्याच्या हातून निसटला. ओव्हेटने धक्काबुक्कीतून वाट काढली आणि १ मिनिट ४५.४ सेकंदांत शर्यत जिंकली. को दुसरा. ओव्हेटची ही वेळ कोच्या विक्रमापेक्षा तीन सेकंदांनी मंद होती. पण सुवर्णपदक त्याचे. सहा दिवसांनी, १ ऑगस्टला, पंधराशेची शर्यत. येथेही आरंभ संथच. मग पूर्व जर्मनीच्या युर्गेन श्ट्राउबने लांबूनच वेग वाढवला, को त्याच्या पाठीशी चिकटून राहिला आणि अखेरच्या वळणानंतर निघून गेला. को पहिला, श्ट्राउब दुसरा, आणि ४५ शर्यती सलग जिंकून आलेला ओव्हेट तिसरा.

या कथेतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, घड्याळातील वेळ आणि शर्यतीतील क्रमांक हे दोन वेगळे गुण दाखवतात. वेळ म्हणजे अंगातील कुवत. क्रमांक म्हणजे ती कुवत गर्दीत, दडपणाखाली आणि नेमक्या क्षणी वापरण्याचे शहाणपण. दुसरी गोष्ट ही की, सोळा-सतराव्या वर्षी ठरलेला प्रकार हा पुढच्या आयुष्याचा दाखला ठरत नाही.

हीच गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. २०१८ च्या जूनमध्ये जिन्सन जॉन्सन याने श्रीराम सिंगांचा विक्रम मोडून १ मिनिट ४५.६५ सेकंद ही वेळ दिली. ऑगस्टमध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आठशेचे सुवर्णपदक त्यालाच मिळणार असे वाटत होते. जिंकला तो मनजित सिंग, १ मिनिट ४६.१५ सेकंदांत, जिन्सन दुसरा. दोनच दिवसांनी पंधराशेचे सुवर्णपदक जिन्सनने पटकावले.

तुलनेचा घरगुती हिशेब

मग तुलना करूच नये काय? करावी, पण रीतसर. मी वापरतो ती रीत कोणाही पालकास कागद-पेन्सिलीने करता येईल.

पहिली पायरी टक्केवारीची. प्रत्येकाची वेळ त्याच्याच शर्यतीच्या मोठ्या मापाशी ताडावी. २०२५ अखेर पुरुषांचा आठशेचा जागतिक विक्रम डेव्हिड रुडिशाचा होता, लंडन २०१२ चा, १ मिनिट ४०.९१ सेकंद, आणि पंधराशेचा हिशाम एल गेरूज याचा, रोम १९९८ चा, ३ मिनिटे २६ सेकंद. आता समजा, एका मुलाने आठशे मीटर २ मिनिटे १० सेकंदांत आणि दुसऱ्याने पंधराशे ४ मिनिटे २५ सेकंदांत कापले. विक्रमाच्या सेकंदांना मुलाच्या सेकंदांनी भागून शंभराने गुणले की पहिल्याचे ७७.६ येतात आणि दुसऱ्याचे ७७.७. म्हणजे दोघे जवळजवळ बरोबरीचे. हातातल्या स्टॉपवॉचवर अर्ध्या सेकंदाचा फरक सहज पडतो, तेव्हा एवढ्याशा अंतरावरून निकाल देणे अन्यायाचे होईल. मुलींच्या वेळा अर्थातच महिलांच्या विक्रमांशी ताडाव्यात.

दुसरी पायरी वाढीची. समजा, मागील वर्षी पहिल्याची वेळ २ मिनिटे १२ सेकंद होती आणि दुसऱ्याची ४ मिनिटे ४० सेकंद. तर पहिला ७६.४ वरून ७७.६ वर आला आणि दुसरा ७३.६ वरून ७७.७ वर. आजची पातळी एक, पण चाल वेगळी. मात्र येथे वयाचा विचार हवा. चौदाव्या वर्षी एखाद्या मुलाची उंची झपाट्याने वाढते, पाय लांब होतात, आणि वेळ आपोआप सुधारते. दुसऱ्याची तीच वाढ दोन वर्षांनी यायची असते. एकाच वयोगटात जानेवारीचा जन्म आणि डिसेंबरचा जन्म यांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते, हेही विसरू नये.

तिसरी पायरी कल ओळखण्याची. ज्या मुलाच्या दोन्ही शर्यतींच्या वेळा ठाऊक आहेत, त्याची आठशेची वेळ दुप्पट करावी आणि पंधराशेची वेळ तिच्यापेक्षा किती अधिक आहे ते पाहावे. वर सांगितलेल्या जागतिक विक्रमांत हा फरक सुमारे ४ सेकंदांचा पडतो. कोच्या आयुष्यातील सर्वोत्तम वेळांवरून तो ६.३ सेकंद निघतो आणि ओव्हेटच्या वेळांवरून २.६. याकोबची पंधराशेची वेळ तर दुपटीहून ६ सेकंदांनी कमीच आहे. फरक लहान तितका दमाचा कल, मोठा तितका वेगाचा. शाळकरी मुलांत हा फरक पुष्कळ मोठा येतो. त्याचे कारण बहुधा एवढेच की, त्यांच्याकडून लांब पल्ल्याचा संथ सराव झालेलाच नसतो. म्हणून या आकड्यावरून सरावाची दिशा ठरवावी, पारितोषिक ठरवू नये.

काही सावधगिरीच्या गोष्टी आमच्या भागापुरत्या सांगतो. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे पहाटे रस्त्यांवर धावणारी पुष्कळ मुले सैन्यभरतीची तयारी करणारी असतात. भरतीची धाव सोळाशे मीटरची असते. पुष्कळदा हीच वेळ अर्जात "पंधराशे" म्हणून लिहिली जाते. ४ मिनिटे २५ सेकंदांत पंधराशे धावणारा मुलगा त्याच गतीने सोळाशेला सुमारे ४ मिनिटे ४३ सेकंद घेईल. तेव्हा शंभर मीटरच्या घोटाळ्यात मुलाचे अठरा सेकंद बुडतात. दोनशे मीटरच्या मातीच्या मैदानावर वळणे दुप्पट येतात; तेथील वेळ आणि कृत्रिम धावमार्गावरील वेळ एक धरू नये. पावसाळ्यातली वेळ हिवाळ्यातल्या वेळेशी ताडू नये. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या मुलाची त्या महिन्यातील आणि नवरात्राचे उपवास करणाऱ्या मुलीची त्या दिवसांतील वेळ हिशेबात धरू नये. महिनाभराने पुन्हा धावून पाहावे.

चिठ्ठी लवकर चिकटवू नये

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर लांब पल्ल्याची धावपटू. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती तीन वेळा पहिली आली. त्यानंतर तिने स्टीपलचेस घेतली, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यतीत दहावी आली. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. स्पर्धेची धाव त्याने २०१५ मध्ये, म्हणजे विशी ओलांडल्यावर, सैन्यातील क्रॉसकंट्रीपासून सुरू केली. स्टीपलचेसकडे तो २०१७ मध्ये वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत मात्र स्टीपलचेसचे सुवर्ण आणि पाच हजार मीटरचे रौप्य अशी दोन्ही पदके त्याने आणली. चौदाव्या वर्षी या दोघांचे अर्ज आपल्यापुढे आले असते, तर त्यांच्या खऱ्या शर्यतीचे नावही त्यांत आढळले नसते.

मुलींच्या बाबतीत तर अधिक उदार दृष्टी हवी. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली. पण स्त्रियांना हे अंतर झेपत नाही असा गवगवा झाला आणि ती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली १९६० मध्ये. पंधराशे मीटर त्यांच्यासाठी आले १९७२ मध्ये, आणि स्टीपलचेस थेट २००८ मध्ये. अजूनही खेडोपाडी मुलीला शंभर-दोनशे मीटरच धावू देतात आणि "दमशील" म्हणून लांब शर्यतीतून काढून घेतात. ज्या मुलीला पंधराशे धावून पाहण्याची संधीच मिळालेली नाही, तिची तुलना पंधराशेच्या मुलाशी करण्याआधी तिला ती संधी दिली पाहिजे.

विश्वस्त मंडळास विनंती

एवढ्या विवेचनानंतर माझ्या काही सूचना आहेत. खेळाच्या अर्जात मुलाची शर्यत, अंतर, मैदान, तारीख आणि जन्मतारीख ही माहिती घ्यावी. एकाच दिवसाच्या क्रमांकाऐवजी दोन वर्षांच्या वेळा मागवाव्यात. निवडीपूर्वी अर्जदारांना एकाच मैदानावर, पंधरा दिवसांच्या अंतराने, आठशे आणि पंधराशे अशा दोन्ही शर्यती धावावयास लावाव्यात. स्टॉपवॉच धरण्यास आम्ही शिक्षक आनंदाने येऊ. आणि टक्केवारीत दोघे एक-दीड गुणाच्या आत असतील, तर रक्कम विभागून दोघांनाही द्यावी. अर्ध्या रकमेतही बुटांचा एक जोड आणि एका राज्यस्पर्धेचे भाडे निघते, आणि दोन्ही मुले आणखी एक वर्ष मैदानावर राहतात.

आपल्या घरातील, शेजारातील जी मुले पहाटे धावावयास जातात, त्यांच्या वेळा एका वहीत लिहून ठेवण्याची सवय पालकांनी त्यांना आजपासून लावावी. पुढील वर्षी अर्ज मागवले जातील तेव्हा ती वही सोबत आणावी, ही नम्र विनंती. ट्रस्टच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.